परमुलुखातील पान

लाल मिरचीचा हंगाम भरात आला, की खानदेशातील दोंडाईच्याच्या बाजारात परगावच्या माणसांची जी वर्दळ सुरू होते, तिच्यात मालाची पारख करणारे व्यापारी, पोती चढविणारे-उतरविणारे हमाल, मालमोटारींचे चालक आणि देठ खुडण्याच्या रोजंदारीसाठी आलेली कुटुंबे असे नाना प्रकारचे लोक असतात. आणि या सर्वांची एक गरज अगदी सारखी असते, ती ही की, दुपारी बाराच्या सुमारास, घरापासून दूर, मोजक्या पैशांत, पोटभर आणि पोटाला सोसेल असे अन्न त्यांना मिळावे. माझ्या लहानपणी आमच्या घरापासून स्टेशनकडे जाणाऱ्या वाटेवर अशा लोकांची एक खानावळ होती. तिला पाटी नव्हती. ती चालविणाऱ्या बाईंना सारे गाव मावशी म्हणत असे, आणि त्यांच्याकडे जेवायला येणाऱ्याने काय हवे ते सांगायचे नसून जे आहे ते खायचे, हा तेथला शिरस्ता होता. दादर ज्वारीची भाकरी, वरून लसणाची फोडणी दिलेली डाळ, हिवाळ्यात वांग्याचे भरीत, आणि ज्या दिवशी बाजारात भाजी महाग असेल त्या दिवशी शेवभाजी, एवढ्यावर वर्ष निघून जाई. पान उचलण्यापूर्वी मावशी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारीत: "पोट भरनं का भाऊ?" आणि ज्याचे उत्तर थोडे रेंगाळत येई, त्याच्या पानात न विचारता अर्धी भाकरी पडे.

त्या खानावळीची आठवण काढण्याचे कारण असे की, परदेशी राहून तुटपुंज्या पैशांत बाहेर कसे जेवावे, हा प्रश्न आता आमच्या भागातील पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांच्या तोंडी ऐकू येऊ लागला आहे. दोंडाईच्याच्या माणसाला परमुलूख हा शब्द नवा नाही. ताप्तीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग 1900 च्या सुमारास पुरा झाला, आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या खानदेशातील माणसे सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत पोटासाठी जाऊन राहिली; परंतु सुरतेत भाकरी मिळते, अहिराणी बोलणारा शेजारी मिळतो, आणि अडीअडचणीला रात्रीच्या गाडीने घरी येता येते. आता आमच्या शिंदखेडा तालुक्यातील मुलगा किंवा मुलगी जर्मनीला, आयर्लंडला, जपानला शिकायला जाते, तेव्हा यांतले काहीही तिच्यासोबत जात नाही. जाते ती एक ठरावीक रक्कम, आणि ती रुपयांत मोजली तर डोळे विस्फारावेत इतकी मोठी, पण तेथील चलनात मोजली तर फार बेताची असते. मीही 2003 साली याच वाटेने गेलो होतो, आणि माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, परक्या देशात स्वस्तात जेवण्याची विद्या ही मुळात तेथील खानावळ ओळखण्याची विद्या आहे. कारण खानावळ नाही असा देश मी पाहिला नाही, मात्र तिचे नाव आणि रूप प्रत्येक ठिकाणी निराळे असते.

खानावळ स्वस्त का असते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, म्हणजे ती परक्या वेषातही ओळखता येते. उपाहारगृहात आपण जे पैसे देतो, त्यांतला साधारण एकतृतीयांश भाग प्रत्यक्ष शिध्याचा असतो, असा त्या धंद्यातील मामुली अदमास आहे; उरलेला भाग जागेचे भाडे, स्वयंपाक्याचा आणि वाढप्याचा पगार, सरपण, वाया गेलेले अन्न आणि मालकाचा नफा यांत वाटला जातो. ज्या उपाहारगृहाच्या यादीत साठ पदार्थ असतात, त्याला साठही पदार्थांची सामग्री रोज तयार ठेवावी लागते, मग गिऱ्हाईक येवो अथवा न येवो. आणि ती वाया गेलेली सामग्री शेवटी जेवणाऱ्याच्याच बिलात उतरते. याच्या उलट, जेथे एक किंवा दोनच बेत शिजतात, गिऱ्हाइके रोजची असल्यामुळे किती माणसे येणार हे आदल्या दिवशीच ठाऊक असते, ताट आपले आपण उचलायचे असते आणि जेवण झाल्यावर पुढच्या माणसासाठी जागा मोकळी करायची असते, तेथे शिध्याव्यतिरिक्तचा सारा खर्च आपोआप आटतो. शेवभाजीचेच उदाहरण घ्या. बेसनाची जाड शेव महिनाभर टिकते, काळा मसाला वर्षभर टिकतो, म्हणून आमच्या भागातील ढाब्यावर हिरव्या भाजीचा एक देठ नसतानाही रात्री अकरा वाजता आलेल्या चालकाला पाच मिनिटांत तर्रीदार रस्सा मिळतो, आणि रात्र सरली म्हणून ढाबेवाल्याचे काही फेकले जात नाही. परदेशात गेलेल्या माणसाने उपाहारगृहाच्या दारावरील दिव्यांची आरास पाहण्याऐवजी ही लक्षणे पाहावीत: बेत एकच आहे काय, तो खडूने फळ्यावर लिहिला आहे काय, दुपारी बारा वाजता आत कामाच्या कपड्यांतील माणसे बसली आहेत काय.

मला हे शहाणपण पहिल्या दिवशी नव्हते. जर्मनीतील ग्योटिंगेन या विद्यापीठाच्या गावी मी ऑक्टोबर महिन्यात पोचलो, तेव्हा एका युरोला पन्नासाहून थोडे अधिक रुपये पडत, आणि हा गुणाकार माझ्या मनात अष्टौप्रहर चाललेला असे. दोन दिवस मी आईने दिलेल्या दशम्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला होता, भूक अनावर झाली होती, म्हणून बाजारपेठेतील एका नीटनेटक्या उपाहारगृहात शिरून मी यादीतील सर्वांत स्वस्त पदार्थ, म्हणजे एक सूप, मागविले, आणि घरी जसे पाण्याचा तांब्या न मागता येतो तसे समजून निःशंकपणे पाणी मागितले. निळ्या बाटलीतून बुडबुडे असलेले पाणी आले. बिल आले तेव्हा त्या पाण्याची किंमत सुपाच्या किमतीशी जवळजवळ बरोबरी करीत होती. कुणाची फसवणूक नव्हती. यादीत ती किंमत छापलेली होती, आणि वाढणारी मुलगी अत्यंत सौजन्याने वागली होती. पण त्या संध्याकाळी खोलीवर परत येऊन मी वहीत खर्च लिहिला, आणि यापुढे बाहेर म्हणून जेवायचे नाही असा निश्चय केला.

तो निश्चय चुकीचा होता, असे मला आज ठामपणे वाटते. खोलीवर डाळ-भात शिजविणे बाहेरच्या कोणत्याही जेवणापेक्षा स्वस्त पडते, यात वादच नाही. परंतु जो विद्यार्थी तिन्ही त्रिकाळ आपल्याच खोलीत, आपल्याच हातचे, एकटा बसून खातो, त्याची त्या गावाशी भाषेची, ओळखीची, ऋणानुबंधाची गाठच पडत नाही. पैशाच्या ओढीने माणूस प्रथम बाहेरचे जेवण सोडतो, मग दुपारचे जेवण सोडतो, आणि त्याचा परिणाम शरीरावर दिसू लागेपर्यंत सहा महिने निघून गेलेले असतात. हे दुःख जुनेच आहे. आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेस गेल्या, तेव्हा आपला पोशाख आणि आपला आहार बदलायचा नाही असा त्यांचा निर्धार होता. फिलाडेल्फियाच्या थंडीत, धुराने भरणाऱ्या खोलीत, अभ्यास सांभाळून स्वतः रांधून त्यांनी तो निर्धार पाळला, आणि 11 मार्च 1886 रोजी पदवी घेतली, परंतु पुढे वर्षही न लोटता क्षयाने त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मृत्यूचे कारण केवळ आहारात शोधणे योग्य होणार नाही. तथापि ज्या शहरात आपल्या पोटाला चालेल असे एकही पान मांडलेले नाही, तेथे एकट्या मुलीने तीन वर्षे कशी काढली असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

डॉक्टर आंबेडकरांची कथा तर याहून कठोर आहे. 1913 साली ते बडोदे संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. 1920 साली मुंबईच्या सिडनॅम महाविद्यालयातील नोकरीतून साठविलेली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या तुटपुंज्या बेगमीवर ते अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडनला पोचले. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडण्याच्या वेळी आत जायचे आणि बंद होण्याच्या वेळी बाहेर पडायचे, मधल्या वेळेत जेवणाला पैसेही खर्च करायचे नाहीत आणि वेळही, असा त्यांचा दिनक्रम होता. घरमालकिणीकडून सकाळी मिळणारा नाश्ता अगदी जेमतेम असे. रात्री उशिरापर्यंत वाचीत बसल्यावर भूक असह्य झाली, म्हणजे एका परिचिताने दिलेले पापड भाजून त्यांवर कपभर दूध घेऊन ते पुन्हा पुस्तक उघडीत. त्यांचे वास्तव्य असलेले किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने 2015 साली विकत घेतले, आणि आज तेथे स्मारक आहे. त्या घरासमोर उभे राहणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने पुस्तकांबरोबर त्या भाजलेल्या पापडांचेही स्मरण करावे.

त्याच लंडनमध्ये त्याआधी तीन दशके, 1888 साली, बॅरिस्टर होण्यासाठी गेलेल्या मोहनदास गांधींना मात्र खानावळ सापडली. आईला दिलेल्या वचनामुळे मांसाहार वर्ज्य, घरमालकिणीच्या उकडलेल्या भाज्या घशाखाली उतरत नाहीत, अशा अवस्थेत ते रोज दहा-बारा मैल पायपीट करीत आणि एखाद्या स्वस्त उपाहारगृहात पावावर पोट भरीत, तरी तृप्ती होत नसे. आणि अशाच एका फेरीत फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी उपाहारगृह दिसले, तेव्हा विलायतेत आल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण आपल्याला मिळाले, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे त्यांनी खर्चाचा ताळेबंद मांडून एकच खोली घेतली, सकाळी ओटची पेज आणि कोको खोलीवर करायचा, दुपारचे तेवढे बाहेर जेवायचे, रात्री पाव आणि कोको, असा क्रम बसविला, आणि दिवसाला एक शिलिंग तीन पेन्सांत निभाव लावला. या व्यवस्थेतील शहाणपण माझ्या मते अजून शिळे झालेले नाही. त्यांनी बाहेरचे जेवण सर्वस्वी सोडले नाही. दिवसातून एकदा, दुपारी, चार माणसांत, शिजलेले ऊन अन्न घ्यायचे आणि बाकीचे घरी भागवायचे. दुपारच्याच जेवणाची निवड करण्यातही मर्म आहे, कारण युरोपातील पुष्कळ ठिकाणी जो पदार्थ रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात वाढला जातो, तोच दुपारी कामकरी माणसांसाठी बऱ्याच कमी दरात मिळतो.

माझी खानावळ मला एका तामिळ सहाध्यायाने दाखविली. विद्यापीठाच्या आवारातील त्या प्रशस्त दालनाला मेन्सा म्हणतात. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ जेवणाचे मेज. जर्मनीतील या भोजनगृहांचा इतिहास मला फार हृद्य वाटतो. पहिल्या महायुद्धानंतर चलन कोसळत चालले होते, विद्यार्थी अक्षरशः उपाशी होते, तेव्हा विद्यार्थ्यांनीच आपापसांत मदतसंस्था उभ्या केल्या, सामायिक स्वयंपाकघरे चालविली, आणि 1921 साली ट्युबिंगेन येथे या स्थानिक संस्थांची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली. आज प्रत्येक विद्यार्थी दर सत्राला जी वर्गणी भरतो, तिचा काही अंश आणि त्यात सरकारी अनुदान, यांवर ही भोजनगृहे चालतात. म्हणूनच तेथे एकाच ताटाचे तीन दर असतात, विद्यार्थ्याला सर्वांत कमी, नोकरवर्गाला त्याहून अधिक आणि पाहुण्याला सर्वांत जास्त. हे ठाऊक नसलेला नवखा विद्यार्थी ओळखपत्र खिशात ठेवून पाहुण्याचा दर देऊन येतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

त्या दालनातला माझा पहिला दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. तपकिरी ताटली उचलून रांगेतून पुढे सरकायचे. डावीकडे मांसाचे पदार्थ, उजवीकडे शाकाहारी, आणि शेवटी एका मोठ्या पातेल्यात आइनटोप्फ, म्हणजे एकाच भांड्यात शिजवलेला दाट रस्सा. त्या दिवशी तो मसुरांचा होता. तपकिरी अख्खे मसूर, गाजराचे तुकडे, बटाटा, आणि वर तरंगणारी थोडी कोथिंबिरीसारखी दिसणारी अजमोदा. मी अडखळत विचारले, "ओहने फ्लाइश?" म्हणजे मांसाशिवाय? पांढरी टोपी घातलेल्या, साठीच्या घरातल्या बाईंनी मान हलविली, बाजूच्या दुसऱ्या, लहान पातेल्याकडे बोट दाखविले, आणि त्यातून खोलगट वाडगे काठोकाठ भरून दिले. सोबत काळ्या पावाचा एक जाड तुकडा. सारे मिळून दोन युरोंच्या आत. मेजावर बसल्यावर मी खिशातून आईने दिलेली पितळी डबी काढली. तिच्यात आमच्याच बाजारातील मिरचीची, लसूण आणि शेंगदाणे घालून खलबत्त्यात कुटलेली कोरडी चटणी होती. चिमूटभर चटणी त्या अळणी मसुरांवर पडताच तिच्या वासाने समोरचा जर्मन मुलगा खाता खाता थांबला. त्याने विचारले, मी डबी पुढे केली. त्याचे डोळे पाण्याने भरले, त्याने अर्धा पेला पाणी पिऊन टाकले, आणि पुन्हा डबीकडे हात नेला. पुढली अडीच वर्षे आम्ही त्याच मेजावर बसत होतो, आणि मला जी काही जर्मन भाषा येते, तिचा मोठा भाग मी वर्गात नव्हे तर तेथे शिकलो.

वाडगे संपत आले, तेव्हा मी पाहिले की काही मुले उठून पुन्हा त्या पातेल्याकडे जात आहेत. आइनटोप्फच्या बाबतीत दुसऱ्यांदा वाढून घेण्याची मुभा होती, आणि तिला त्यांच्या भाषेत नाखश्लाग असा शब्द आहे. मी संकोचाने उभा राहिलो. त्या बाईंनी मला ओळखले, ओगराळे हातात घेतले, आणि भुवया उंचावून विचारले, "नाखश्लाग?" मला तो शब्द त्या क्षणापर्यंत माहीत नव्हता, तरी प्रश्न कळला.

याच दृष्टीने पाहू लागल्यावर निरनिराळ्या देशांच्या खानावळी मला दिसू लागल्या. फ्रान्समध्ये विद्यापीठांची सरकारी भोजनगृहे आहेत, तेथे विद्यार्थ्यांना पूर्ण जेवण अगदी अल्प दरात मिळत आले आहे. शिवाय फ्रान्समधील उपाहारगृहात जेवणाऱ्याला साध्या नळाच्या पाण्याची सुरई आणि पाव विनामूल्य देणे हा कायद्याचाच भाग आहे, फक्त ती सुरई नाव घेऊन मागावी लागते. स्पेनमध्ये दिवसाचे जेवण म्हणून एक ठरावीक बेत असतो, दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड मिळून एकच दर. 1960 च्या दशकात सरकारने हुकूम काढून तो रूढ केला. पोलंडमधील दूधगृहांची, म्हणजे ज्यांना ते बार म्लेच्नी म्हणतात त्यांची, गोष्ट शाकाहारी मराठी माणसाने मुद्दाम ध्यानात ठेवावी, कारण 1896 साली वॉर्सात सुरू झालेल्या त्यांच्या परंपरेत दूध, पीठ, अंडी आणि भाज्या यांचेच पदार्थ प्रमुख असतात, आणि सरकारी अनुदानामुळे त्यांचे दर आजही सामान्यांना झेपतात. सिंगापुरात तर रस्त्यावरील फेरीवाल्यांना 1970 च्या दशकात सरकारने छप्पर, नळ आणि गटारे असलेल्या मंडयांत आणून बसविले. अशी शंभराहून अधिक केंद्रे आज तेथे आहेत, आणि 2020 साली युनेस्कोने त्या संस्कृतीची मानवतेच्या वारशात नोंद केली. जपानमध्ये दाराशी असलेल्या यंत्रात नाणी टाकून चिठ्ठी घ्यायची आणि ती आत स्वयंपाक्यापुढे ठेवायची, अशा छोट्या जागा गल्लोगल्ली आहेत. पाणी किंवा चहा आपोआप येतो, आणि बक्षिसी ठेवण्याचा रिवाज नाही. ठेवली तर वाढणारा धावत येऊन परत करतो.

बक्षिसीविषयी मात्र अमेरिकेत जाणाऱ्याने गैरसमज करून घेऊ नये, कारण येथे आपल्या काटकसरीचा भार दुसऱ्या गरिबावर पडतो. तेथील यादीत छापलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, आणि मेजावर वाढणाऱ्याला पंधरा ते वीस टक्के वेगळे द्यायचे असतात. ही रक्कम म्हणजे खुशीची बाब नव्हे. संघराज्याच्या कायद्याप्रमाणे बक्षिसी मिळणाऱ्या नोकराला मालकाने प्रत्यक्ष द्यावयाचे किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवरच थांबले आहे, काही राज्यांत ते अधिक आहे एवढेच. बाकीची मजुरी गिऱ्हाइकाने द्यायची, अशी ती रचना आहे. ती रचना मला न्याय्य वाटत नाही. परंतु ती अमान्य करण्याची रीत म्हणजे वाढणाऱ्या मुलीचे पैसे बुडविणे ही खास नव्हे. ज्याच्याजवळ तेवढे पैसे नाहीत, त्याने जेथे खिडकीशी उभे राहून आपले आपण अन्न घ्यायचे असते तेथे जावे. तेथे ही अपेक्षा नसते किंवा फारच थोडी असते. आणि मेजावर बसून जेवलेच, तर उरलेले अन्न निःसंकोच बांधून मागावे. तेथली वाढ मोठी असते, एका जेवणात दोन वेळा भागतात, आणि बांधून नेण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

आणखी एक सूचना करावीशी वाटते, आणि ती थोडी नाजूक आहे. लंडनच्या साउथॉलमधील श्री गुरुसिंग सभेच्या गुरुद्वाऱ्यासारख्या ठिकाणी जो लंगर चालतो, तेथे कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही देशाच्या माणसाला पंगतीत बसून डाळ-रोटी मिळते, आणि अडचणीच्या दिवसांत तेथे जाण्यात लाज मानण्याचे मुळीच कारण नाही. परंतु काही विद्यार्थी त्याला फुकटची खानावळ समजून महिनोन्‌महिने केवळ जेवून परततात. जेवल्यावर तासभर भांडी घासावी, पोळ्या लाटायला बसावे, भाज्या चिराव्यात. लंगर हा देणगीइतकाच सेवेवर चालतो, आणि ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्याजवळही हात असतात.

आपल्या माणसांनीही परदेशात अशी पाने मांडली आहेत. लंडनच्या फिट्झरॉय स्क्वेअरमधील इंडियन वायएमसीएची इमारत 1953 साली उभी राहिली, आणि नव्याने आलेल्या कितीतरी भारतीय विद्यार्थ्यांनी विलायतेतील पहिला वरण-भात तेथे खाल्ला आहे. स्ट्रँडवरील इंडिया क्लब 1951 पासून स्वस्त डोशासाठी आणि गप्पांसाठी प्रसिद्ध होता. तो सप्टेंबर 2023 मध्ये बंद पडला, तेव्हा मी कधी जिना चढून जायच्या त्या खोलीत फारसा बसलेलो नसूनही मला घरातले कुणी गेल्यासारखे वाटले. आणि लंडनच्याच हाउन्सलोमध्ये सुजय सोहनी आणि सुबोध जोशी या मुंबईत एकत्र शिकलेल्या दोघा मित्रांनी मंदीच्या तडाख्यात नोकरीची विवंचना उभी राहिली असता, 2010 साली एका आइस्क्रीमच्या दुकानाचा कोपरा भाड्याने घेऊन एक पौंडाला वडापाव विकायला सुरुवात केली. आज श्रीकृष्ण वडापाव या नावाने त्यांची अनेक दुकाने आहेत. मुंबईच्या गिरणगावात जी खानावळवाली बाई वीस-पंचवीस कामगारांचे डबे करून संसार चालवीत असे, आणि जिच्यासारख्या स्त्रियांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तिचेच हे वंशज आहेत, असे मी मानतो. एकाच्या पोटाची सोय आणि दुसऱ्याच्या रोजगाराची तजवीज या दोन्ही गोष्टी खानावळीत एकाच चुलीवर होतात.

यंदा माझी पुतणी जर्मनीतील माग्देबुर्गला शिकायला निघाली, तेव्हा हा सारा विचार पुन्हा एकदा घरच्या ओसरीवर मांडावा लागला. जर्मन सरकारच्या नियमाप्रमाणे वर्षाचे 11,904 युरो आधीच एका बंद खात्यात भरावे लागतात, आणि त्यातून दरमहा 992 युरोच काढता येतात. खोलीचे भाडे, आरोग्यविमा आणि फोन यांत त्यांतला बहुतेक भाग जातो. माझा धाकटा भाऊ वही घेऊन बसला होता. त्याच्या मते जेवण सर्वस्वी खोलीवरच व्हावे. मी त्याला म्हटले, "दादा म्हणतोस ना मला, मग एवढे ऐक. दुपारचे एक जेवण तिला माणसांत जेवू दे. त्याचे महिन्याचे ऐंशी-नव्वद युरो वेगळे लिही, आणि ते कापू नकोस." बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने भाड्याच्या खालच्या ओळीत ती रक्कम लिहिली आणि तिच्याखाली रेघ ओढली.

तिच्या सामानातून तुपाची बरणी आणि पेढ्यांचा डबा बाहेर काढावा लागला, कारण दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाला बरोबर नेता येत नाहीत. तिच्या आईला ते फार लागले. बिबडे गेले, काळा मसाला गेला, आणि ती पितळी डबी गेली. पोचल्यावर चौथ्या दिवशी तिने मेन्सातील ताटाचे छायाचित्र धाडले: मसूर, बटाटा, काळा पाव, आणि कडेला आमच्या चटणीची लाल रेघ. खाली लिहिले होते, काका, ओळखपत्र दाखवून तीन युरो. आठवड्याभराने दुसरा निरोप आला, की डबी अर्ध्यावर आली आहे, कारण मेजावर एक इराणी मुलगी, एक व्हिएतनामी मुलगा आणि दोन जर्मन मुली रोज बसतात आणि सारीच ती मागतात. तरी पुढल्या महिन्यात कुणी येणार असेल, तर त्याच्याबरोबर किलोभर चटणी पाठवावी, आणि मिरची बाजारातलीच असावी, दुकानातली पुडी नको.

मी काल बाजारात जाऊन आलो. यंदा पीक बरे आहे, देठ खुडणाऱ्या बायका झाडाखाली भाकरी खात बसल्या होत्या. सव्वा किलो घेतली. वाळवून, कुटून किलोला थोडी कमीच भरेल, पण तेवढ्यात तिचे आणि त्या चौघांचे दिवाळीपर्यंत भागेल.